कंबरपट्ट्याची मागची बाजू

छत्तीसच्या रोलमधला एक फोटो उरला होता. तो वाया जाऊ नये म्हणून मी काढला. माझ्या हातून झालेल्या सगळ्यात नालायक गोष्टीचं कारण इतकं फालतू आहे. लोक निदान रागाने, हावेने वगैरे काही करतात. मी काटकसरीने केलं.

नीट सांगते. डोंबिवलीत आमच्या मजल्यावर, समोरच्या दारात, एक काकू राहायच्या. नात्यातल्या नव्हेत, शेजारच्या. त्या हलव्याचे दागिने करायच्या. साखरेचा काटेरी पांढरा हलवा, त्यातला एकेक दाणा दोऱ्यात बांधून केलेले सर, आणि त्या सरांचे मुकुट, हार, बाजूबंद, नथ. नवी सून पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर ते घालून हळदीकुंकवाला बसते. एका संध्याकाळची हौस. दुसऱ्या दिवशी मुंग्यांना खबर लागलेली असते. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून, म्हणजे ऐंशीच्या दशकात, मार्गशीर्ष लागला की काकूंच्या घरात पंखा बंद आणि आम्हा पोरांना बाहेरच्या खोलीत बंदी. ओल्या हाताने कशाला शिवलं की काकू ओरडायच्या नाहीत, नुसतं बघायच्या. मी म्हणायचे, त्यापेक्षा ओरडा खाल्लेला परवडला.

आता त्या काळी सगळीकडे कंबरपट्टा पुठ्ठ्यावर करायचे. पुठ्ठा कापायचा, सोनेरी कागद लावायचा, वर हलव्याचे सर चिकटवायचे. दिसायला झकास, पण बाई बसली की पुठ्ठा मोडायचा. म्हणून नवी सून संध्याकाळभर ताठ उभी, नाहीतर पाटावर पाठीत काठी घातल्यासारखी. काकूंचा कंबरपट्टा मोडायचा नाही. त्यात पुठ्ठाच नव्हता. मागे नुसती दोऱ्याची जाळी, आणि त्या जाळीवर हलवा. बाई वाकली की तोही वाकायचा. ठाण्यापासून कल्याणपर्यंत असा कंबरपट्टा दुसरं कुणी करत नव्हतं. काकूंचे यजमान केमिकल कंपनीत होते, सासर मोठं, मान लहान. 'कंबरपट्टेवाल्या' ही एकच ओळख त्यांची स्वतःची होती, आणि ती त्यांना जिवापाड होती.

ती जाळी मात्र त्यांची एकटीची नव्हती. ती कोपरीच्या मावशींची.

मावशी कोळ्यांच्या. त्यांचे वडील खाडीवर मासे मारायचे आणि घरी बसून जाळी विणायचे, ते बघत त्या वाढल्या. ठाण्याच्या बाजारात दोऱ्याच्या दुकानात या दोघींची गाठ पडली. काकू एकेक रीळ ओढून बघत होत्या, शेजारी मावशी जाळ्यासाठी सुतळी घ्यायला उभ्या होत्या. "वैनी, यो दोरा नको घेव, पानी लागला का ढिला होतो," मावशी म्हणाल्या. काकूंनी विचारलं, मग कुठला? आणि तिथून सुरू झालं. पुढच्या मार्गशीर्षात मावशी डोंबिवलीला हजर, हातात जाळं विणायची चपटी लाकडी सुई. दारात आल्या की आधी लिंबाने हात धुवायच्या. कारण काकू कांदाही विचार करून खाणाऱ्या, आणि मावशी तर सकाळी घरच्यांचं माशांचं कालवण करून आलेल्या. काकू हात हुंगून बघायच्या, "अगं, अजून एक फोड घे," आणि मावशी म्हणायच्या, "वैनी, साकरला वास लागला तर म्हावरा फुकट खाव दे लोकांना." दोघी हसायच्या. जाळ्याच्या गाठीत काकूंनी हलव्याचा दाणा कसा अडकवायचा ते शोधलं, मावशींनी ती गाठ त्याच्याभोवती कशी फिरवायची ते. कुणाचं किती हे मला वाटतं त्यांनाही सांगता आलं नसतं.

समोरून बघून कुणाला ते जमायचं नाही. लोकांनी प्रयत्न थोडे केले? "मैत्रिणीला दाखवून आणते हं, उद्याच परत देते," म्हणून नेणाऱ्या बायका होत्या. काकूंनी दागिना कधी बाहेर सोडला नाही. नमुने घरातच बघायचे, फोटोंचा अल्बमही घरातच. आणि कंबरपट्टा तयार झाला की त्याच्या पाठीला पांढऱ्या मलमलीचं अस्तर, इतक्या बारीक टाक्यांचं की उसवायला गेलं तर हलवा फुटावा. "समोरून बघून कितीही नक्कल करू देत," काकू म्हणायच्या. "पाठ दाखवायची नाही." हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं होतं. म्हणजे माहीत नव्हतं अशी सोय मला नाही.

नव्वदचं दशक संपत आलेलं तेव्हा मी कॉलेज संपवून कॉम्प्युटर क्लासला जायला लागलेले. इंटरनेट म्हणजे काय हे आमच्या बिल्डिंगमध्ये फक्त मला माहीत होतं, आणि ते फक्त मला माहीत आहे हे मी बिल्डिंगभर सांगून झालं होतं. क्लासमध्ये वेब पेज शिकवलं. सरांनी प्रोजेक्ट करायला सांगितलं. बाकीच्यांनी गणपती, क्रिकेट असलं केलं. मला सुचले काकूंचे दागिने. परदेशातल्या मराठी मुली बघतील, मागवतील, काकूंचं नाव होईल. खोटं कशाला बोलू, माझंही होईल.

काकूंना पटवायला आठ दिवस गेले. "म्हणजे कुणीही बघणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघतील हो, पण हात थोडाच लावणार आहेत?" त्या शेवटी तयार झाल्या, एका अटीवर. ती अट मला त्यांनी सांगायचीही गरज नव्हती. "समोरूनच," त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर एका दुपारी मी दादाचा कॅमेरा घेऊन गेले. काळ्या साडीवर एकेक दागिना मांडून फोटो काढले. मुकुट, हार, सगळं झालं. नवा कंबरपट्टा तेवढा नुकताच विणून झालेला, अस्तर लागायचं होतं. मावशी त्या दिवशी आल्या नव्हत्या. काकू चहा टाकायला आत गेल्या. कॅमेऱ्यावर बघितलं तर एक फोटो शिल्लक. मी कंबरपट्टा उलटा केला. जाळी इतकी सुरेख होती, एकसारखी, गाठीला गाठ लागून, की वाटलं हे कुणी बघतच नाही, काय उपयोग. क्लिक केलं आणि परत सुलटा ठेवला. काकू चहा घेऊन आल्या, मी बिस्कीट बुडवून खाल्लं.

पेज करायला बसले तर समोरचे फोटो कसे तरीच दिसत होते. स्कॅन केल्यावर पांढरा हलवा म्हणजे नुसता पांढरा डाग. हा आणि पुठ्ठ्यावरचा, काय फरक, बघणाऱ्याला कळणार कसं? मग मी तो छत्तिसावा फोटो टाकला. मोठा करून टाकला. वर हिरवे बाण काढले, तीन. दोरा इथून येतो, दाण्याला असा वळसा घेतो, इथे आवळतो. खाली लिहिलं की यात पुठ्ठा नाही, बघा. कारागिरी दिसावी म्हणून. माझी अक्कल दिसावी म्हणूनही. सरांनी पाठ थोपटली आणि पुढच्या बॅचला दाखवायला माझं पेज ठेवून घेतलं. मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

काकूंनी विचारलं, "मागचं नाही ना घातलंस कुठे?"

"छे हो, काकू."

ते इतकं सहज आलं तोंडातून. पुढे मी ते काढून टाकणारच होते, खरंच. पण परदेशातून दोन मुलींची पत्रं आली ईमेलवर, मुकुट हवेत म्हणून, काकू खूश झाल्या, मी प्रिंट काढून त्यांना वाचून दाखवली, आणि ते राहून गेलं.

संक्रांतीला पंधरा दिवस असताना काकू आमच्याकडे आल्या. हातात कागदी पिशवी. आत कंबरपट्टा. बाजारातल्या एका दुकानात काचेत टांगलेला दिसला म्हणून विकत आणलेला. हलवा जाडाभरडा, मधले मणी भडक, पण वाकत होता. काकूंनी तो आमच्या टेबलावर उलटा ठेवला. अस्तर नव्हतं. जाळी तशीच, गाठ तीच.

"ही गाठ दोघींना येते," काकू म्हणाल्या. "मला आणि तिला. मी कुणाला शिकवली नाही."

मला बोलायचं होतं. पण मनात म्हटलं, असेलही बाई, कुणी सांगावं, मावशींनी कुणा नातेवाइकाला दाखवली असेल. इतकी लबाड असते माणसाची बुद्धी, आपल्याला वाचवायचं म्हटलं की दोन मिनिटांत दुसऱ्याला पुढे करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात गेले. काउंटरवर माझ्याच वयाची मुलगी होती, ओळखीने हसली. क्लासच्या नव्या बॅचची. तिच्या मागच्या भिंतीला, दोऱ्यांच्या रिळांशेजारी, टाचणीने एक कागद लावलेला. तीन हिरवे बाण लांबूनसुद्धा ओळखू आले. "तुझंच पेज ना? सरांनी दाखवलेलं," ती म्हणाली. "मस्त समजावलंयस गं. आमच्या दोन बाया बघून बघून शिकल्या." तिला काही लपवायचं नव्हतं. लपवायला सांगितलंय असं मी कुठे लिहिलं होतं?

मी घरी धावत आले. खरंच सांगायचं म्हणून आले, देवाशप्पथ. जिना चढून वर येते तर काकूंच्या दारात मावशी उभ्या. हातात पिशवी, एका हातात लिंबू. काकू दार अर्धंच उघडून आत उभ्या.

"उद्यापासून येऊ नकोस," काकू म्हणत होत्या.

"वैनी, पन झाला काय?"

"तुला ठाऊक आहे काय झालं. बाजारात लटकतंय."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. काही मागायला नाही, नुसतं, कुणी आलं म्हणून बघतो तसं. मी आमच्या दाराला किल्ली लावत उभी होते. किल्ली लागली होती, मी ती नुसती फिरवत होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी किल्ली परत उलटी फिरवली. काकूंनी दार लावलं, मावशींनी लिंबू पिशवीत टाकलं आणि त्या जिना उतरल्या. लाकडी सुई आतच राहिली, काकूंच्या डब्यात.

त्या दुपारी मी क्लासला जाऊन पेज काढून टाकलं. सरांना म्हटलं, चुकून उडालं. काकूंना म्हटलं, ती साइट बंद झाली. चूक एक होती, ती निस्तरायला खोट्याची माळ लागली. काकू इंटरनेट कधी बघणार नव्हत्या, आमच्या घरचेही नाहीत. मला पकडणारं कुणी उरलं नाही. खरं सांगते, त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला होता. त्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्यानंतर काकूंनी जाळीचा कंबरपट्टा सोडला. एकटीने होत नाही म्हणाल्या, पण तसं नव्हतं. बाजारात जे मिळतं ते आपण कशाला करा, म्हणून परत पुठ्ठ्यावर आल्या. चिकटवताना कधी हात थांबायचा आणि म्हणायच्या, "बारा वर्षं माझ्या घरात जेवली गं ती." मी तिथेच बसून सोनेरी कागद कापत असायचे. कारण मावशींच्या जागी आता मदतीला मीच जायला लागले होते. हेही सांगायला हवं.

चार महिन्यांनी धीर करून कोपरीला गेले. घर विचारत विचारत सापडलं. मावशींनी ओळखलं, बसवलं, चहा दिला. काकूंचं नाव नाही काढलं. मीच काढलं. म्हटलं, "मावशी, मला माहीत आहे, तुम्ही कुणाला शिकवलं नाहीत."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुना कसा म्हाईत?"

घरात मागे कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबेपर्यंत मी कपातल्या सायीकडे बघत बसले. मग म्हटलं, "मला वाटतं असं." मावशींनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. आणि मला कळलं, त्यांना कळलंय. सगळं नाही, बाण-बिण नाही, पण कोण ते. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. "चा पी, थंड होतंय," एवढंच म्हणाल्या.

त्याच वर्षी माझं लग्न झालं, सासर ठाण्यातलं. पत्रिका मावशींनाही पाठवली होती. पहिली संक्रांत आली. हलव्याचे दागिने अर्थात काकूंनीच केले, आणि हौसेने स्वतः घालायला ठाण्याला आल्या. त्याच दिवशी दुपारी कुणाच्या तरी हाती माझ्या नावाने एक स्टीलचा डबा आला. कोपरीहून. उघडला तर आत कंबरपट्टा. हलवा पांढराशुभ्र, एकसारखा. उलटा केला. अस्तर नाही. मुद्दामच नाही. मावशींनी तो मला पाठ उघडी ठेवून पाठवला होता.

काय म्हणायचंय ते कळायला मी काही लहान नव्हते. घालून बाहेर गेले तर काकू बघणार, गाठ ओळखणार, म्हणणार, बघ, अजून बाहेर देतेय. आणि मग मला एकतर बोलावं लागेल, नाहीतर दुसऱ्यांदा गप्प बसावं लागेल, ह्या वेळी मावशींच्याच हातचं घालून. मी डबा बंद केला, कपाटात खाली सारला आणि काकूंचा पुठ्ठ्याचा बांधून हळदीकुंकवाला बसले.

बायका जमल्या. कुणाला तरी कुंकू लावायला मी पुढे वाकले आणि पुठ्ठा मोडला. कट्, स्पष्ट ऐकू आलं. हलवा मांडीवर सांडला. सासूबाई सांभाळून घेत म्हणाल्या, होतं असं. काकूंचा चेहरा बघवेना. बारा वर्षं ज्यांचा कंबरपट्टा मोडला नाही त्या बाईचा, माझ्या सासरच्या पन्नास बायकांत मोडला. मी उठून आत गेले. काकू मागोमाग आल्या, सुईदोरा घेऊन. मी कपाट उघडलं आणि डबा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी जाळीवरून बोट फिरवलं. "हा तिचा हात आहे," म्हणाल्या. "तुला का पाठवला?"

मग सांगितलं. छत्तिसावा फोटो, बाण, छे हो काकू, किल्ली, सगळं. बाहेर बायकांचा गलका चालू होता, मी साखर चिकटलेल्या हातांनी डोळे पुसत होते. मला वाटत होतं काकू मारतील. मारायला हवं होतं.

त्या पलंगावर बसल्या. "हे मला तेव्हा का नाही सांगितलंस? आणि आता कशाला सांगतेस?" त्या म्हणाल्या. "तिने मला फसवलं म्हणून मी तिच्यावर रागावले होते. राग होता तोवर बरं होतं. आता मी तिच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ?"

त्यांनी तो कंबरपट्टा माझ्या कमरेला बांधला, नीट, निऱ्या सारख्या करून. बाहेर आल्या आणि निघेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

निघताना मी म्हटलं, काकू, मी नेते तुम्हाला कोपरीला, एका रिक्षाचं तर काम. नाही म्हणाल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. महिन्याभराने माहेरी गेले तर त्यांनी डब्यातून ती चपटी लाकडी सुई काढून माझ्या हातात ठेवली. "तिची आहे. तिला दे," म्हणाल्या. मला वाटलं, चला, सुरुवात झाली. मी आनंदाने कोपरीला गेले.

मावशींनी सुई बघितली, हातात नाही घेतली. "तिला सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग ती का नाय आली?"

"लाज वाटते त्यांना, मावशी."

"लाज तुजी हाय," मावशी शांतपणे म्हणाल्या. "ती तिच्या गल्यात कशाला टाकलीस? सुई वैनीनं यून देवाची. तू परत ने."

मी परत नेली. काकूंनी घेतली नाही. म्हणाल्या, दिलेली वस्तू मी परत घेत नाही, बोलायचं असेल तर तिने इथे यावं. एक म्हणते तिने यावं, दुसरी म्हणते तिने. दोघी एकमेकींची चौकशी माझ्याकडे करतात. पाय बरा आहे का तिचा, डोळ्याचं ऑपरेशन झालं का. दोघींना मी खरं खरं सांगते, आता एवढं तरी. पण दार उघडायला मी कुणाला भाग पाडू शकत नाही. एकदा मी ते लागताना बघत उभी राहिले होते.

सुई माझ्याकडेच आहे. दर संक्रांतीला पिशवीत टाकून दोन्हीकडे नेते आणि परत आणते.